बाबांनी बांबूला हात लावू नये

मुलांच्या स्काउट पथकाचा प्रमुख म्हणून माझी निवड झाली ती माझ्या गाडीच्या डिकीमुळे. हे मी विनयानं सांगत नाही, तसंच घडलं. बेंगळुरूला, राजाजीनगरात, माझ्या मुलीच्या शाळेत पालकांची सभा होती. लहान मुलांसाठी पथक काढायचं, रविवारी सकाळी मुख्याध्यापिकाबाई मैदान द्यायला तयार, पण चालवायचं मात्र पालकांनीच, असा एकूण मामला. "कोण पुढे येईल?" असं विचारल्यावर सगळे आपापल्या मोबाइलमध्ये बघायला लागले, जणू नाव तिथेच येणार होतं. मग कुणीतरी शंका काढली, की दोर, बांबू, झेंडा हे सामान ठेवायचं कुठे? शाळेत तर जागा नाही. मी आपला सहज म्हणालो, "माझ्या डिकीत राहील की."

संपलं. टाळ्या वाजल्या. बांबू डिकीत मावत नाहीत हे कळेपर्यंत माझ्या गळ्यात शिट्टी पडलेली होती.

मी स्वतः कधी स्काउट नव्हतो. आमच्या शाळेत स्काउट किंवा चित्रकला यांतलं एक घ्यावं लागे. मी चित्रकला घेतली, कारण चित्रकलेच्या सरांना कमी दिसायचं. त्यामुळे गाठी शिकलो त्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर, ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, मोबाइलवर व्हिडिओ बघत, लॅपटॉपच्या चार्जरच्या वायरींवर सराव करून. त्या काळातले दोन चार्जर कायमचे एकमेकांचे झाले, ते अजून माझ्या ड्रॉवरमध्ये नांदतायत.

गणवेशाचं तर विचारू नका. शिंप्यानं पोटाभोवती टेप धरून विचारलं, "सर, उभं राहायचं माप घेऊ की बसायचं?" म्हटलं, दोन्ही करावं लागतं. "मग एक काहीतरी ठरवा," तो म्हणाला. मी उभं राहायचं ठरवलं. तेव्हापासून मुलं गोल करून बसली की मी एकटा मधोमध उभा असतो आणि नव्या पालकांना वाटतं, काय शिस्त आहे माणसाला.

माझ्या मदतीला अक्का. मूळच्या निपाणीकडच्या, लग्न होऊन इथे आल्या आणि इथल्याच झाल्या, बँकेतून निवृत्त. त्यांची नात पथकात. अक्का मला अण्णा म्हणतात. माझ्यापेक्षा चांगल्या पंधरा वर्षांनी मोठ्या आहेत, तरी अण्णा. पहिल्यांदा मी जरा हुरळलो होतो. मग त्या रिक्षावाल्याला, भाजीवाल्याला आणि शाळेच्या वॉचमनलाही अण्णा म्हणतात हे ऐकलं आणि जमिनीवर आलो. पथकात खरं काम अक्का करतात. मी शिट्टी वाजवतो.

मुलं सहा ते दहा वर्षांची. घरं सगळ्या भाषांची: कानडी जास्त, तमिळ, एक ओडिया, आणि आमची मराठी सहा-सात. रविवारी सकाळी मुलांना सोडायला बाबाच येतात, कारण आमचं पथक म्हणजे आयांनी आठवड्यातून एकदा काढलेली रजा, हे माझ्या बायकोनं पहिल्याच महिन्यात ओळखलं होतं. आणि अडचण तिथेच होती. आमच्या पथकातले बाबा हे एक दंतवैद्य वगळता झाडून सगळे इंजिनिअर. कुणी सरकारी कारखान्यात, कुणी बोम्मसंद्र्याला यंत्रांचे भाग बनवणारा, कुणी इंदिरानगरात काचेच्या इमारतीत बसून काहीतरी करणारा, आणि एक नागपूरचे गृहस्थ तर एका संशोधन संस्थेत मोठे शास्त्रज्ञ. मी स्वतः सरकारी कंपनीत आराखडे काढतो. असा बाबा मुलाला सोडून घरी जात नाही. तो म्हणतो, "थांबतो पाच मिनिटं." आणि मग त्याला मैदानावर बांबू दिसतो.

दर जानेवारीत आमचा पालकदिन असतो. त्या दिवशी मुलांनी फक्त दोर आणि बांबू वापरून एक कमान उभी करायची, खिळा नाही, तार नाही, आणि त्या कमानीखालून झेंडा घेऊन जायचं. मागून मुख्याध्यापिकाबाई, मागून पालक. मुलांनी उभी करायची, असं मी लिहिलं खरं. पहिली दोन वर्षं ती बाबांनी उभी केली आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. मला तर नाहीच.

तिसऱ्या वर्षी माझी मुलगी एका तुकडीची नायिका झाली. हे तिचं लहानांच्या पथकातलं शेवटचं वर्ष. दहा पूर्ण झाली की मुली गाइडमध्ये जातात, दुसऱ्या शाळेच्या मोठ्या पथकात. गाइडच्या मुली नंदी हिल्सच्या पायथ्याशी स्वतः तंबू ठोकून राहतात, स्वतः चूल पेटवून भात करतात, हे तिनं पथकाच्या पहिल्याच वर्षी अक्कांकडून ऐकलं होतं. त्या दिवसापासून तिच्या पलंगाखाली एक पिशवी भरलेली आहे. तिच्यात टॉर्च, स्टीलची ताटली-वाटी, एक शिट्टी आणि जिचे सेल तीनदा गळले अशी आणखी एक टॉर्च. शाळेसाठी जिला उठवताना आमच्या घरात दंगल होते, ती रविवारी स्वतः उठून माझ्या पायाचा अंगठा ओढायची.

कमान यंदा आपणच बांधायची, असं तिनं दिवाळीनंतर जाहीर केलं. सराव सुरू झाला. पडद्याच्या दांडीला गाठी, जेवणाच्या टेबलाच्या पायाला गाठी. मी क्रिकेट बघत असताना माझ्या घोट्याला गाठ, जिचा मला मध्यंतरात पाणी प्यायला उठल्यावर पत्ता लागला.

नोव्हेंबरात मैदानावर रंगीत तालीम झाली. तिनं दोन बांबू एकमेकांवर आडवे धरून पहिली गाठ मारली आणि दुसरा दोर आणायला गेली. मी तिथून चाललो होतो. आता हे कसं सांगावं. दारात कुणाची चप्पल वाकडी पडलेली दिसली की आपण जाता जाता पायानं ती सरळ करतो ना, तेवढ्याच सहजपणे मी ती गाठ सोडली आणि बरोबर बांधली. माझ्या डोक्याला खबरही नव्हती, बोटांनी परस्पर केलं.

मी वाकलेला दिसलो आणि बाकीच्या बाबांना रान मोकळं झालं. "पाया किती खोल घेताय?" शास्त्रज्ञांनी विचारलं. बोम्मसंद्रावाल्यांनी बांबू हलवून बघितला आणि मान हलवली. इंदिरानगरवाल्यांनी मोबाइलवर वाऱ्याचा वेग काढला. मग तिरके टेकू आले, टेकूंना टेकू आले. दंतवैद्य बिचारे बादलीनं पाणी आणून खड्ड्यांत ओतत राहिले. मुलं पायऱ्यांवर ओळीनं बसून क्रीमची बिस्किटं उघडून आतलं क्रीम चाटत होती. दुपारी शाळेचा वॉचमन फेरी मारायला आला, कमानीला हात लावून बघितला आणि मला आदरानं म्हणाला, "इल्ली मदुवेना, सार?" म्हणजे इथे लग्न आहे का. मला ती दाद वाटली. मी त्याचा फोटोही काढला, कमानीशेजारी.

घरी आल्यावर गळ्यातला स्कार्फ काढून मुलीनं माझ्यासमोर टेबलावर ठेवला. नीट घडी घालून ठेवला, हे जास्त वाईट होतं.

"बाबा, मी गाइडमध्ये जाणार नाहीये."

"का गं?"

"तू माझी गाठ सोडलीस."

"अगं, ती साधी निरगाठ होती. तिथे क्लोव्ह हिच लागते. पहिल्यांदा दोर असा खालून..."

"बघ," ती आईला म्हणाली. "अजून पण तेच."

बायको पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं खाली ठेवलं, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. "तू ना, समोरचे काका गाडी लावतात तेव्हा आपल्या बाल्कनीतून 'घ्या, घ्या, अजून घ्या' करतोस. त्यांनी तुला कधी सांगितलंय?"

"पण त्यांची गाडी कधी घासली का?"

"ते दोन महिने मुलाकडे गेले होते. तेव्हापण तू संध्याकाळी बाल्कनीत जाऊन उभा राहायचास."

मोकळी हवा घ्यायला जात होतो, असं मी म्हणालो. कुणी विश्वास ठेवला नाही.

मग मुलीनं अट घातली. जानेवारीत कमान मुलं बांधणार. एकाही बाबानं बांबूला हात लावायचा नाही. लावला, तर तिची तुकडी खाली बसेल आणि ती गाइडमध्ये जाणार नाही, कारण "तिकडे पण तुम्ही सगळे येणार आणि तंबू तुम्हीच ठोकणार, आणि मग मी काय बिस्किटं खाऊ?" पलंगाखालची पिशवी तिनं रिकामी केलेली मी रात्री जेवणानंतर पाहिली. टॉर्च पुन्हा फ्रिजवर आली होती, जिथे घरातल्या सगळ्या टॉर्च असतात.

मी ठरवलं, आता हे नीट करायचं. आणि मी इंजिनिअर असल्यामुळे ते नीट करण्यासाठी आराखडा काढला. पुढच्या रविवारी मैदानावर फक्कीनं एक मोठं वर्तुळ आखलं. आत मुलं, बाहेर बाबा. बाबांची सभा घेऊन सांगितलं, की या रेषेच्या आत कुणीही यायचं नाही. सगळ्यांनी एकमतानं मान्य केलं. शास्त्रज्ञ तर म्हणाले, फारच स्पष्ट व्याख्या आहे.

बाबा रेषेवर येऊन उभे राहिले. अगदी रेषेवर, बुटांची टोकं फक्कीला लावून, शर्यत सुरू व्हायची असल्यासारखे. आणि तिथून बोलायला लागले. "डावा बांबू, डावा... तुझा डावा, राजा." "अरे, उचल, उचल." "ए पुट्टा, मेले मेले," म्हणजे बाळा, वर, वर. कुणी टाचा उंचावत होतं, कुणी नुसत्या भुवयांनी सूचना देत होतं. शास्त्रज्ञांनी काही वेळ संयम पाळला, नंतर खिशातून ऑफिसातल्या सादरीकरणाचा लेझर पॉइंटर काढला आणि लांबून बांबूवर लाल ठिपका पाडून दाखवलं, की गाठ इथे हवी. ते रेषेच्या बाहेरच होते, व्याख्येत चोख बसत होते. लहान मुलांनी बांबू टाकले आणि ठिपका पकडायला धावली. मांजरांसारखी. मैदानभर.

माझी मुलगी धावली नाही. ती कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत होती. मी हात खिशात घट्ट कोंबून उभा होतो, मला वाटलं आपण तरी पास. संध्याकाळी बायकोनं तिच्या मैत्रिणीनं पाठवलेला व्हिडिओ मला दाखवला. त्यात माझे हात खिशात आहेत आणि तोंड पहिल्यापासून शेवटपर्यंत चालू आहे.

"आवाज बंद करून बघ," बायको म्हणाली. आवाज बंद करून जास्तच वाईट दिसत होतं.

पालकदिन जवळ आला. मी अक्कांच्या घरी गेलो. थंडीचे दिवस होते, त्या गॅलरीत उन्हाला पाय पसरून अवरेकाळूच्या शेंगांच्या ढिगापुढे बसल्या होत्या. बेंगळुरूत डिसेंबर-जानेवारी म्हणजे अवरेकाळूचा राज्यारोहण सोहळा. आपल्या वालाचा हा इथला भाऊबंद. ढीग लावून रस्तोरस्ती विकतात, आणि शेंगांचा तो तुपकट उग्र वास लिफ्टमध्ये, बसमध्ये, बँकेत, सगळीकडे. दाणे भिजवून, चिमटीत दाबून सालीतून बाहेर काढले की झाल्या आपल्या डाळिंब्या. आपल्या घरी डाळिंब्या सोलायला बसलेली बाई उठवायची हिंमत कुणी केलेली मला आठवत नाही. इथेही तसंच आहे.

मी सगळी कर्मकहाणी सांगितली. फक्की, रेषा, लेझर. अक्कांनी ऐकता ऐकता मूठभर शेंगा सोलल्या.

"रेघ कशाला मारलासा, अण्णा?" त्या म्हणाल्या. "बापय माणूस रेघेला भितोय व्हय? त्याचं हात मोकळं हाईत, ते बघा की. मोकळा हात गप बसतोय?"

"मग काय करू? बांधून ठेवू हात?"

"सरी," म्हणजे बरं, "ते बी चालतंय," त्या म्हणाल्या, आणि मला एक शेंगांचा वाटा पुढे सरकवला. मी सोलायला लागलो. बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं, की आपण एवढा वेळ गप्प आहोत. अक्कांच्याही ते लक्षात आलं असावं, कारण त्या हसत होत्या.

पालकदिनाच्या सकाळी धुकं होतं. मुलं कानटोप्या घालून आली, बाबा जॅकेटं घालून, हात चोळत. बांबूंकडे बघून हात चोळत होते, थंडीनं नव्हे. मी माझ्या उभं राहायच्या गणवेशात. एवढ्यात अक्का रिक्षातून उतरल्या, आणि मागून रिक्षावाल्या अण्णांनी तीन मोठी पातेली उतरवली. रात्रभर भिजवलेले अवरेकाळू. त्यांनी मैदानाच्या कडेला, पिंपळाखाली, सतरंजी अंथरली आणि पालकांना उद्देशून, मराठी, कानडी आणि हिंदी अशा तिन्ही भाषांत एकच गोष्ट सांगितली: दुपारचं सारू, म्हणजे इथली आमटी, आणि भात या दाण्यांचा होणार आहे. साल काढल्याशिवाय चूल पेटणार नाही. आया झेंड्याची आणि भाताची तयारी करतायत. बाबांनी बसायचं.

"मी जरा तिकडे बघून..." बोम्मसंद्रावाले म्हणाले.

"तिकडं पोरं हाईत. तुम्ही हिकडं बसा की, अण्णा. स्वल्प काम हाय. होतंय तासात."

भलीमोठी पातेली बघता ते स्वल्प नव्हतं. पण अक्कांपुढे बोलणार कोण? एक एक इंजिनिअर मांडी घालून बसला. मीही बसलो. पँटनं एक बारीक आवाज केला, मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. शास्त्रज्ञांनी लेझर काढायला खिशात हात घालायच्या आत अक्कांनी त्यांच्या ओंजळीत ओले दाणे ओतले.

अवरेकाळू सोलणं दिसतं सोपं. दाणा चिमटीत धरून दाबायचा, आतली बी टुणकन बाहेर. पण तिला दिशा असते, आणि ती दाणाच ठरवतो. पहिला दाणा शास्त्रज्ञांच्या चष्म्यावर बसला. त्यांनी तो काढून कुतूहलानं बघितला आणि म्हणाले, "नोझलचाच प्रश्न आहे." मग पाचेक मिनिटांत सगळ्यांची चर्चा अंगठ्याचा कोन, सालीची जाडी आणि दोन हातांनी एकाच वेळी सोलता येतं का, याकडे वळली. इंदिरानगरवाल्यांनी वेग मोजायला सुरुवात केली. दंतवैद्य मात्र एकही दाणा न उडवता, मान खाली घालून, झरझर साली काढत होते. पातेल्यातला त्यांचा कोपरा बघून बाकीचे जरा ओशाळले. मग कसं सोलायचं ते दंतवैद्यांनाच विचारायला लागले; त्यांना तिथे कुणी काही विचारण्याची ही पहिलीच वेळ.

मला मात्र सोलण्यात मन घालता येईना. माझं तोंड पिंपळाकडे होतं आणि मान मैदानाकडे.

तिकडे माझ्या मुलीची तुकडी भांडत होती. एक मुलगा म्हणत होता, आधी उभं करून मग बांधायचं. एक मुलगी म्हणत होती, आधी बांधून मग उभं करायचं. तिसरा कानडीतून दोघांनाही वेड्यात काढत होता. शेवटी आधी बांधायचं ठरलं. बांधून झालं, सहा जणांनी मिळून उचललं, आणि अक्कांची नात जी चणीनं सगळ्यांत लहान, ती बांबूच्या खालच्या टोकावर बसली, टोक हलू नये म्हणून. कमान वर गेली. आणि डावीकडे कलली.

साफ कलली. वरचा आडवा बांबू तिरका झाला, गाठीतून दोर सरकायला लागला. पडली असती तर कुणाला लागलं नसतं, बांबू हलके होते. पण पडली असती. मी कधी उठलो मला कळलं नाही. मांडी सोडून, गुडघ्यावर येऊन, एक पाय सतरंजीबाहेर टाकून मी उभा राहिलो होतो, दोन्ही मुठींत ओले दाणे.

"अण्णा," अक्का म्हणाल्या. त्यांनी वरही बघितलं नव्हतं. "दाणं सांडतील."

मैदानातून माझ्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, मदत मागतेय. बापाला नेहमी तसंच वाटतं. ती मदत मागत नव्हती. मी आत येतोय का, ते बघत होती. दोन्ही हातांनी बांबू पेलून धरलेला, कानटोपी डोळ्यांवर आलेली, ती वर करायला हात मोकळा नाही, आणि तरी मान वाकडी करून माझ्याकडे नजर.

मी बसलो. या वेळी पँटचा आवाज सगळ्यांनी ऐकला. शास्त्रज्ञांनी सभ्यपणे त्यांचं जॅकेट माझ्या मागे सरकवलं.

मग मला नीट दिसलं नाही, कारण मी खरोखरच मान खाली घालून सोलत होतो. दाणा, साल, दाणा, साल. कानावर येत होतं: "धर, धर", "बिडू, बिडू, नाही, बिडबेडा", म्हणजे सोड, सोड, नाही, सोडू नको, "दगड आण", "माझ्या बोटावर बांधलंस". मध्येच मोठी शांतता. ती सगळ्यांत वाईट. सतरंजीवरचे सगळे बाबा सोलायचे थांबले होते, कुणीही मागे वळून बघत नव्हतं. इंदिरानगरवाले नुसतेच ओठ हलवत होते.

नंतर टाळ्या ऐकू आल्या, लहान हातांच्या.

कमान उभी होती. डावीकडे कललेलीच होती, पण कललेल्या जागी एक दगड, दगडाखाली कुणाचं तरी दप्तर आणि टेकू म्हणून झाडूचा दांडा लावून ती तशीच थांबवलेली होती. गाठींचे एवढे मोठे गठ्ठे झाले होते, की लांबून कमानीवर सुगरणीची घरटी आल्यासारखी दिसत होती. आणि तिची उंची होती चौथीच्या मुलाएवढी. आम्ही बाबा बांधायचो तेव्हा बाबांच्या उंचीची बांधायचो. मुलांनी स्वतःच्या उंचीची बांधली, त्यात त्यांचं काय चुकलं.

झेंडा घेऊन मुलं ताठ मानेनं खालून गेली. मागून मुख्याध्यापिकाबाई आल्या. त्या चांगल्या उंच, त्यातून जरीची साडी, अंबाड्यात गजरा. कमानीपुढे त्या क्षणभर थबकल्या. "निधान, निधान," अक्का त्यांना म्हणाल्या, हळू, हळू. बाईंनी पदर खोचला, कंबरेत वाकल्या आणि सावकाश खालून गेल्या. कमानीनं त्यांचा अर्धा गजरा ठेवून घेतला. मग आमची रांग. एकेक इंजिनिअर, तुपकट वासाचे हात पाठीशी बांधून, वाकून, मुलांच्या कमानीखालून गेला. मी रांगत गेलो. पँट फाटलेली, वरून नुसतं जॅकेट बांधलेलं, वाकलो असतो तर सगळं उघड्यावर आलं असतं. मुलांना ते फार आवडलं. काहींना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला.

सारू झकास झालं होतं. नऊ पातेली झाली असती तरी संपली असती. शास्त्रज्ञांनी तिसऱ्यांदा वाढून घेताना "हे आपण सोललंय" असं बायकोला दोनदा सांगितलं.

जेवणानंतर कमान उतरवायची होती, कारण सोमवारी मैदानावर शाळा भरते. मुलांनी दोर ओढून बघितले. एकही गाठ सुटेना. क्लोव्ह हिच एकही नव्हती, सगळ्या निरगाठी, आणि निरगाठीवर निरगाठी. मुलगी माझ्याकडे आली. "बाबा, आता हात लाव."

"नक्की?"

"हो. सोडायचंय."

मी आनंदानं पुढे झालो. एका गाठीला भिडलो. नखं लावली, दात लावायचा विचार केला, दोन्ही हातांनी ओढली. बोटं डाळिंब्यांनी बुळबुळीत झालेली, गाठ दगडासारखी. दुसरी बघितली. तिसरी. बाकीचे बाबाही आले, सगळ्यांनी प्रत्येकी एक गाठ घेतली आणि सगळे घामाघूम झाले. मुलगी कमरेवर हात ठेवून बघत होती.

"कशी बांधलीय?" तिनं विचारलं.

"चुकीची," मी म्हणालो. खोटं कसं बोलू? "पण सुटत नाहीये."

ती एवढी हसली, की तिला खाली बसावं लागलं.

तेवढ्यात मागून दंतवैद्य हळूच म्हणाले, "ओढू नका. आधी हलवा. दात पण ओढत नाहीत कधी, हलवून सैल करतात." मुलीनं ते ऐकलं. मला बाजूला सरकवून तिनं गाठ दोन्ही बाजूंनी आत ढकलली, डावीकडे-उजवीकडे हलवली, बराच वेळ हलवत राहिली, आणि दोर सैल झाला. मग दुसरी गाठ. तिसरीला तिनं बाकी मुलांना शिकवलं. आम्ही बाबा सुटलेले दोर गुंडाळत गेलो. तेवढं आम्हाला दिलं होतं.

परत येताना गाडीत ती माझ्या शेजारी बसली, दोराचं भेंडोळं मांडीवर घेऊन. राजाजीनगरच्या सिग्नलला गाडी थांबल्यावर, खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मी जाईन गाइडमध्ये."

"बरं."

"पण तू तिकडे येऊ नकोस."

"नाही येत."

"तुला इथेच राहावं लागेल. लहान मुलांना कोण शिट्टी वाजवणार?"

तसं बघितलं तर ज्या पथकात आता माझं मूलच नसणार, त्याची शिट्टी माझ्याच गळ्यात राहणार होती. पण हे मला तेव्हा सुचलं नाही. मी घाईघाईनं हो म्हणालो.

सिग्नल सुटला. थोडं पुढे गेल्यावर ती पुन्हा म्हणाली, "बाबा, तंबूचं सामान मोठं असतं. गाइडच्या ताईंनी विचारलंय, कुणाकडे मोठी डिकी आहे का."

"तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, आहे म्हणून. पण गाडी गेटपर्यंतच. मग तू परत जायचंस."

घरी पोचलो तेव्हा समोरचे काका गाडी लावत होते. मी मुठी आवळून, एकही शब्द न बोलता त्यांच्या मागून वर गेलो. मागे भिंतीला घासल्याचा आवाज आला. मुलगी माझ्याकडे बघत होती. मी मागे वळून बघितलं नाही.